पाइपाचं तोंड

आमच्या जुन्या विहिरीवर आण्णांनी डिझेल इंजिन बसवलं होतं. १९९४ च्या उन्हाळ्यात काठावरचा कॅन कलंडला आणि चार-पाच लिटर डिझेल मुरमात जिरलं. आण्णांनी वर माती ओढली, विषय संपला. पहिला मोठा पाऊस झाला आणि विहिरीत रंगीत तवंग आला. आईनं भरलेली घागर ओतून दिली. पुढं दोन वर्षं प्यायचं पाणी तिनं चुलत्यांच्या विहिरीवरनं डोक्यावर आणलं. ते अजून माझ्या मनातनं जात नाही.

तवंग बादलीनं काढला की भागलं, असं वाटायचं. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण ८३० ग्रॅम, म्हणून तरंगतं. पण उन्हाळ्यात पाणी उतरतं तसं तेही खडकाच्या भेगांना चोपडत खाली जातं, आणि पावसाळ्यात पाणी चढलं की पुन्हा सुटतं. आमच्या तासगावकडं वर थोडी माती, मग मुरूम, मग भेगाळलेला काळा दगड. वाळूतनं पाणी गाळून तरी निघतं. भेगेतनं आहे तसं वाहतं.

आता बागेत मला जास्त धास्ती ब्लोअरच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या औषध फवारायच्या यंत्राच्या, टाकीची वाटते. टाकी बोअरजवळ लावायची, पाइप आत सोडायचा, पाणी चालू असतानाच औषध ओतायचं, ही आपली सगळ्यांची सवय. मधेच लाइट गेली की मोटर थांबते आणि पाइपातलं पाणी मागं उतरतं. पाइपाचं तोंड औषधाच्या पाण्यात बुडालेलं असलं आणि एनआरव्ही, म्हणजे पाणी मागं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, खराब असला, तर टाकीतलं औषध उलटं ओढलं जाऊन थेट बोअरमध्ये. बाहेर एक थेंब सांडलेला दिसत नाही.

म्हणून मी पाइप तारेनं टाकीच्या काठापेक्षा वीतभर उंच बांधलाय. बोअरवर फक्त साधं पाणी भरायचं. औषध, मोरचूद-चुना सगळं ट्रॅक्टर लांब नेऊन, बांधापलीकडं कालवायचं. डिझेलचं बॅरल छपराखाली, पत्र्याच्या खोल ट्रेमध्ये, शेजारी भुशाचं पोतं. सांडलं तर भुसा टाकून टिपायचं, पाणी मारून धुवायचं नाही.

परवा टाकी अर्धी भरली आणि लाइट गेली. मी धावत जाऊन बघितलं: पाइपाचं तोंड मोकळ्या हवेत, थेंब थेंब गळत होतं. आई याच बोअरचं पाणी पिते.