टुर्म म्हणजे हत्ती

हॅम्बुर्गला माझं नववं वर्ष चालू आहे. चवथीला डिचोलीला यायचं, गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची माटोळी बांधायला हात लावायचा, नेवऱ्या हाणायच्या आणि परतायचं, हा शिरस्ता. यंदा विसर्जनानंतर चार दिवस मोकळे होते, म्हणून फोंड्यातल्या एका बुद्धिबळ स्पर्धेत नाव घातलं. सभागृह पोरांनी भरलेलं. 2025 चा विश्वचषक गोव्यात झाला, 206 खेळाडू येऊन गेले. घरोघरी पट मांडलेले दिसले तर नवल नाही.

पाचव्या फेरीत समोर निवृत्त शिक्षक. तिकडे क्लबाकडून लीग खेळणारा मी, हे सर कितीसे टिकणार? (परदेशात राहिलं की अशी हवा डोक्यात जाते.)

मी पांढरी घेऊन खेळत होतो. वजीर, उंट, घोडे एकेक करून गेले आणि चौथ्या तासाला उरलं ते एवढंच: माझा राजा, हत्ती आणि ई-पाचवरचं एक जादा प्यादं. त्यांचा राजा प्याद्याची वाट अडवून, हत्ती त्यांच्या बाजूने तिसऱ्या आडव्या पट्टीवर. तो हत्ती पट्टी सोडेचना! तो तिथे आहे तोवर माझ्या राजाला पुढे पाऊल टाकता येत नाही. सर त्याला नुसते डावीकडे-उजवीकडे सरकवत होते, प्रत्येक चालीला वाढून मिळणारे 30 सेकंद चवीने वापरत. वैतागून मी प्यादं ई-सहावर ढकललं. तेच त्यांना हवं होतं. हत्ती थेट माझ्या पहिल्या पट्टीवर गेला आणि मागून शहावर शह. राजाने लपायचं ते घर माझ्याच प्याद्याने अडवलेलं! अठराव्या शतकातल्या फिलिडोर या फ्रेंच खेळाडूची ही युक्ती मला तोंडपाठ होती, पण फक्त बचाव करताना.

बरोबरी. बाहेर चहा घेताना सरांनी माझा चालींचा कागद मागितला.

"हे टी, एल, एस काय?"

"जर्मन आहे सर. टी म्हणजे टुर्म, बुरूज. एल धावणारा, एस उडी मारणारा. प्याद्याला शेतकरी म्हणतात."

"शेतकरी चांगला आहे. पण उंटाला धावायला लावलंत?"

मग त्यांनी खिशातल्या वहीत डाव उतरवून घेतला, माझ्या टीच्या जागी 'ह' लिहीत. एकतिसाव्या चालीवर पेन थांबलं.

"इथे आधी राजा पुढे आणायचा होता रे. हत्ती कशाला नाचवलास?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.