‘परवाची हीट’ : फाउंड्रीच्या नोंदवहीपासून एमसीपी सर्व्हरपर्यंत आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका मशीन शॉपच्या माडीवर दोन टेबले टाकून २०११ साली आम्ही फाउंड्र्यांसाठी (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांसाठी) सॉफ्टवेअर करण्याचा व्यवसाय सुरू केला. कास्टिंगचा, म्हणजे ओतीव नगांचा, हिशेब इतर मालासारखा नसतो, हे पहिल्याच ग्राहकाने आम्हाला शिकवले. साच्यात ओतलेल्या धातूचे वजन वेगळे, रनर-रायझर (साच्याच्या वाटांत गोठलेला जादा धातू) तोडल्यावर उरणारे वेगळे आणि फेटलिंग (घासून साफसफाई) होऊन बाहेर पडणारे आणखी वेगळे. शिवाय एकाच हीटमधून (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूतून) तीन पॅटर्नचे (साचा बनवण्याच्या नमुन्यांचे) नग निघतात, आणि त्यातला एखादा नग ब्लो होल (वायूमुळे राहिलेली पोकळी) सापडल्यामुळे चार महिन्यांनी परत आला, तर त्याची हीट शोधून त्या दिवशीचा रासायनिक चाचणीचा अहवाल पुढे ठेवावा लागतो. हा माग अचूक काढून देणारी प्रणाली हेच आमचे मुख्य काम राहिले. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा बिलांचा भाग जवळजवळ नव्याने लिहावा लागला. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील ग्राहकांच्या विश्वासावर आमची पेढी सात माणसांची झाली.

माहिती साठत होती, पण ती बाहेर काढायला प्रत्येक ठिकाणी संगणकावर बसणारा एक माणूस लागत होता. रात्रपाळीच्या सुपरवायझरला एखाद्या हीटचे रिजेक्शन (नापास झालेले नग) पाहायचे असले, तरी त्याला सकाळी ऑफिस उघडेपर्यंत थांबावे लागे. ही अडचण भाषा-मॉडेलांच्या (साध्या भाषेतला प्रश्न समजून उत्तर देणाऱ्या एआयच्या) मदतीने सोडवता येईल असे वाटल्यावर, २०२३ च्या जूनमध्ये मॉडेलकडून बाहेरचे फंक्शन बोलावण्याची सोय उपलब्ध झाली त्यानंतर काही आठवड्यांतच आम्ही पहिला प्रयोग केला. तो चालला, पण टिकला नाही. आमचा जोड-कोड एकाच कंपनीच्या मॉडेलला बांधलेला होता. दुसऱ्या ग्राहकाने वेगळे मॉडेल निवडले, तेव्हा तीच टूल्स (मॉडेलला बोलावता येणारी फंक्शने) दुसऱ्या पद्धतीने पुन्हा लिहावी लागली, आणि त्यानंतर साठ्याच्या क्वेरीतील (डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या आज्ञेतील) एक दुरुस्ती आम्ही चार ठिकाणी करत बसलो. सात माणसांच्या पेढीला हे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून तो प्रयोग आम्ही थांबवला.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी अँथ्रॉपिक या एआय कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’, म्हणजेच एमसीपी, हे मॉडेलला बाहेरची माहिती व टूल्स जोडण्याचे खुले मानक जाहीर केले. त्याचा मसुदा वाचताना मला मोल्डिंग बॉक्सची (वाळूचा साचा भरण्याच्या चौकटीची) आठवण झाली. पिना आणि बुश एका मापाचे असले की कोणताही वरचा बॉक्स कोणत्याही खालच्या बॉक्सवर बिनचूक बसतो. येथेही तसेच आहे. टूल्स पुरवणारा सर्व्हर आणि मॉडेल चालवणारा क्लायंट, हे दोन प्रोग्रॅम जेसन-आरपीसी २.० या संदेशपद्धतीच्या ठरलेल्या संदेशांतून बोलतात. सुरुवातीला दोघे एकमेकांना आपली आवृत्ती व क्षमता सांगतात, मग क्लायंट टूल्सची यादी मागतो, सर्व्हर प्रत्येक टूलचे नाव, वर्णन आणि त्याला लागणाऱ्या माहितीचा आराखडा देतो, आणि मॉडेलने टूल निवडले की ते नाव व त्यासोबतची मूल्ये घेऊन क्लायंटची मागणी सर्व्हरकडे येते. पलीकडचे मॉडेल कोणाचे आहे याची सर्व्हरला फिकीर करावी लागत नाही. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेही हे मानक स्वीकारल्याचे जाहीर केले, तेव्हा ‘हे टिकेल का?’ या ग्राहकांच्या प्रश्नाला आम्हाला बरेच ठोस उत्तर देता आले.

पहिला सर्व्हर आम्ही पायथनमध्ये, एकाच फाइलमध्ये लिहिला, आणि पहिल्याच दिवशी तो बंद पडला. क्लायंट जोडला जाई आणि लगेच तुटे. एका सहकाऱ्याने तपासणीसाठी घातलेली प्रिंटची एक ओळ त्यामागे होती. सर्व्हर त्याच संगणकावर क्लायंटच्या हाताखाली चालतो, तेव्हा त्याच्या स्टँडर्ड आउटपुटवरून (प्रोग्रॅमचा मजकूर बाहेर पडण्याच्या नेहमीच्या वाटेवरून) केवळ प्रोटोकॉलचेच संदेश जावे लागतात. त्यात साधा मजकूर मिसळला की पलीकडच्याला काहीच उलगडत नाही. तेव्हापासून आमच्या सगळ्या नोंदी स्टँडर्ड एरर या वेगळ्या वाटेकडे जातात, आणि नव्या मुलाला पहिल्या दिवशी हेच सांगितले जाते.

दुसरी अडचण खोल होती. त्या एका फाइलमध्ये ३१ टूल्स झाली होती, प्रत्येकाचे वर्णन दर वेळी मॉडेलसमोर जात होते, आणि ‘साठा’ या शब्दाची तीन टूल्स शेजारी शेजारी होती: पिग आयर्न-स्क्रॅपचा साठा, अर्धवट कामातला साठा आणि तयार मालाचा साठा. मॉडेल त्यांत गोंधळले. अपुऱ्या वर्णनावर नवा माणूसही गोंधळलाच असता, त्यामुळे दोष मी आमच्याकडेच धरतो. तेव्हा आम्ही सर्व्हर फोडून पुन्हा बांधला. गाभ्यात फक्त ओळख पटवणे, परवानग्या, डेटाबेसची जोडणी आणि नोंदी एवढेच ठेवले. हीट, साठा, रिजेक्शन, डिस्पॅच (माल पाठवणे) आणि येणेबाकी ही वेगवेगळी मॉड्यूल्स केली, आणि प्रत्येक मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये त्याची टूल्स, त्यांची वर्णने आणि ग्राहकाने प्रत्यक्ष विचारलेले प्रश्न तपासणीसाठी ठेवले. कोणत्या फाउंड्रीत कोणती मॉड्यूल्स चालू राहतील हे एका सेटिंगच्या फाइलवरून ठरते. सुपरवायझरच्या लॉगिनला येणेबाकीची टूल्स यादीतच दिसत नाहीत. तरीही यादीतून लपवणे म्हणजे सुरक्षितता असे आम्ही मानत नाही, म्हणून प्रत्यक्ष मागणी आली की परवानगी पुन्हा तपासली जाते.

खरी कसोटी मात्र भाषेने पाहिली. शिरोलीतील एका फाउंड्रीत सुपरवायझरने फोनवर टाइप केले, ‘परवाच्या हीटचं रिजेक्शन किती?’ उत्तर आले की अशी कोणतीही हीट नाही. मॉडेलने ‘परवा’चा अर्थ येणारा परवा असा घेऊन दोन दिवसांनंतरची तारीख टूलला दिली होती. मराठी माणूस ‘परवा’चा रोख क्रियापदावरून आणि प्रसंगावरून ओळखतो. हीट झालेली असते, म्हणून तो मागचा परवा. ‘परवा गाडी लावायची आहे’ म्हटले की तो पुढचा. हा फरक आम्ही टूलच्या वर्णनातच लिहिला: हीट आणि रिजेक्शनच्या प्रश्नात ‘परवा’ म्हणजे दोन दिवसांपूर्वीचा, आणि नियोजित डिस्पॅचच्या प्रश्नात दोन दिवसांनंतरचा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणत्या तारखेची नोंद पाहिली ती तारीख प्रत्येक टूल उत्तरासोबत परत देते आणि ती वाचणाऱ्याला दिसते. अर्थ चुकला तरी तो लपून राहत नाही.

वजनाचेही तेच झाले. टूल नुसता ‘८४०’ असा आकडा परत देत होते, आणि एकदा ओतलेल्या वजनावर दर लावून मॉडेलने विक्रीचा अंदाज सांगितला. मालकांना तो आकडा पाहताच खटकला, म्हणून निभावले. त्यानंतर एकही आकडा एककाशिवाय आणि ‘ओतीव’, ‘तोडीव’ की ‘फेटलिंगनंतरचे’ या शब्दाशिवाय आमच्या सर्व्हरमधून बाहेर पडत नाही. माझ्या अनुभवात टूलचा कोड दोन तासांत होतो, पण त्याचे चार ओळींचे वर्णन नीट जमायला कधी कधी आठवडा जातो, आणि त्या आठवड्याचे पैसे मी ग्राहकाला सांगून घेतो.

लिहिण्याच्या परवानगीबाबत आम्ही अजूनही कठोर आहोत. वाचणारी टूल्स डेटाबेसच्या फक्त वाचन-हक्क असलेल्या खात्यावर चालतात. डिस्पॅचचे मॉड्यूल चलनाचा मसुदा तयार करते, पण तो पक्का करण्याचे बटण माणसाच्याच हातात आहे. यामागे एक नेमके कारण आहे. रिजेक्शनच्या नोंदीत बाहेरच्या ग्राहकाने लिहिलेला शेरा असतो, आणि तो मजकूर मॉडेलपुढे जातो. त्या शेऱ्यात कोणी आज्ञेसारखे वाक्य लिहिले आणि मॉडेलने ते खरोखरीची आज्ञा मानले, तरी त्याच्या हातून माल बाहेर जाता कामा नये.

२०२५ मध्ये मानकात एचटीटीपीवरून (वेबच्या नेहमीच्या मार्गाने) चालणारी नवी पद्धत आणि ओऑथ या प्रचलित मानकावर आधारलेली परवानगीची चौकट आली, तेव्हा दोन ग्राहकांचे सर्व्हर आम्ही दूरच्या यंत्रावर हलवले. बाकीच्यांना त्यांची माहिती आवाराबाहेर जायला नको आहे, आणि त्यांचा सर्व्हर त्यांच्याच ऑफिसातील संगणकावर आहे. डिसेंबर २०२५ मध्ये हे मानक लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली गेले. एका कंपनीच्या मर्जीवर आमची मेहनत अवलंबून नसावी अशी माझी इच्छा होती, त्यामुळे त्या बातमीने मला मनापासून समाधान दिले.

सध्या आम्ही पॅटर्नचे मॉड्यूल करत आहोत. ड्रॉइंगवर नंबर असतो, पण मोल्डिंगवर काम करणारे लोक पॅटर्नला ‘जुनी पुली’, ‘कानवाला बॉक्स’, ‘मोठा बेल’ अशाच नावांनी ओळखतात. ही नावे कोणत्याही संगणकात नाहीत. आमचा एक सहकारी दर शनिवारी एका फाउंड्रीच्या पॅटर्न स्टोअरमध्ये जाऊन मेस्त्रींशेजारी बसतो आणि वहीत एका बाजूला नंबर व दुसऱ्या बाजूला नाव लिहून घेतो. काल संध्याकाळपर्यंत वहीची अकरा पाने भरली होती.