पोर्टार्लिंग्टन: एका रकान्यापायी सव्वीस दिवस

माझं माहेर इंदापूरचं. 1820च्या दशकात प्रिंगलसाहेबाने इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोचा जमिनीच्या खंडाचा, म्हणजे भाड्याचा, सिद्धांत हाताशी धरून पुणे जिल्ह्यात सारा ठरवला, निव्वळ उत्पन्नाच्या 55 टक्के. तो न झेपून रयतेने जमिनी टाकल्या. हे मी वर्गात वीस वर्षं शिकवलं. पण रिकार्डो खासदार होता, तोही आयर्लंडमधल्या पोर्टार्लिंग्टनचा, हे कळलं निवृत्तीनंतर. मुलीकडे डब्लिनला आलेच होते, म्हटलं बघू या.

रिकार्डोची हकीकत एका दुपारीच मिळाली. ब्रिटिश संसदेच्या इतिहासाचे त्या काळाचे खंड इंटरनेटवर फुकट आहेत. मतदार जेमतेम डझनभर, जागा लॉर्ड पोर्टार्लिंग्टनच्या मुठीत. लॉर्डला पैशाची चणचण होती. रिकार्डोने त्याला 25,000 पौंड कर्जाऊ दिले, जागेचे वेगळे 4,000 मोजले आणि 1819 ते 1823, म्हणजे मरेपर्यंत, तो तिथला खासदार राहिला. गावात पाऊलही न ठेवता!

मला फक्त 1832च्या सुमाराचा मतदारसंघाच्या हद्दीचा नकाशा हवा होता. तिथेच घोडं अडलं.

ज्या दप्तरखान्यात गेले त्याचं नाव लिहीत नाही. फॉर्मवर ‘काउंटी’, म्हणजे जिल्हा, असा रकाना. मी लिहिलं लीश, कारण आजच्या नकाशात गाव लीशमध्ये दिसतं. आठ दिवसांनी उत्तर: नोंद आढळली नाही. बारकाईने पाहिलं तर गाव बॅरो नदीकाठी, थोडं पलीकडे ऑफलीतही. म्हणून दुसऱ्या अर्जात ऑफली लिहिलं. पुन्हा अकरा दिवस, पुन्हा तेच वाक्य, स्वल्पविरामासकट. तिसऱ्यांदा दोन्ही नावं लिहिली, तर खिडकीवरच्या बाईंनी अर्ज हातातच परत दिला. ‘एका रकान्यात एकच.’ मी म्हटलं, अहो, गावच दोन काउंटीत आहे, त्याला मी काय करू? त्या गोड हसल्या. इतकं गोड की माझं डोकंच फिरलं. घरी येऊन जावयासमोर यथेच्छ बडबडले. तो म्हणाला, आई, चहा घ्या.

सव्विसाव्या दिवशी फोनवर एक तरुण आवाज भेटला. त्याने एकच विचारलं, ‘तुम्हाला कागद कुठल्या सालचा हवाय? त्या सालचं नाव लिहा.’ लीशचं नाव तेव्हा क्वीन्स काउंटी होतं, ऑफलीचं किंग्ज काउंटी. नावं बदलली ती आयर्लंडच्या स्वातंत्र्यानंतर. क्वीन्स काउंटी लिहिलं, नकाशा परवा टेबलावर! हसावं की रडावं? जुना सर्व्हे नंबर घेऊन गट नंबरचा सातबारा मागायला तलाठ्याकडे जाणारी माणसं मी जन्मभर पाहिली, आणि मीच तशी निघाले.

हो, एक राहिलं. 1801च्या आधीचं शोधत असाल तर संसद वेगळी, डब्लिनची. तेव्हा तिथे 300 सदस्य होते, आयर्लंड ब्रिटनमध्ये विलीन झाल्यावर लंडनला गेले 100. ज्या 84 गावांच्या जागा पार बुडाल्या, त्यांच्या मालकांना गावामागे 15,000 पौंड भरपाई मिळाली. मतदारांना नव्हे, मालकांना. पोर्टार्लिंग्टनची दोनातली एक जागा उरली, ती 1885ला गेली. आणि मूळ कागदांचा फार हट्ट धरू नका, 1922च्या जूनअखेर डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं सरकारी दप्तर स्फोटात आणि आगीत गेलं. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर पहिला आठवडा वाचला असता.

नकाशाची प्रत घेऊन डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून गाडी पकडली. गावात उतरून बॅरोच्या पुलापर्यंत चालत गेले. मुलीचा फोन आला, आई, आहेस कुठे? म्हटलं, क्वीन्स काउंटीत.