१३ ऑगस्टची संध्याकाळ

माझ्या लॅपटॉपमध्ये एक संध्याकाळ गेली कित्येक वर्षे तशीच ठेवलेली आहे. तारीख १३ ऑगस्ट २०१०, जागा तोक्योतील अकिहाबारा. खाली जुन्या पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हींचे दुकान आणि वरच्या मजल्यावर काही रिकामटेकड्या मुलामुलींनी ‘प्रयोगशाळा’ म्हणून वापरात आणलेली खोली. खोलीत मेजवानी चालू आहे. टीव्हीवर आगगाड्या बंद पडल्याची बातमी लागली आहे. मायुरी नावाची मुलगी आता काहीतरी बोलणार आहे, आणि ती बोलण्याआधीच मी खेळ सेव्ह करून बाहेर पडले होते, कारण ती बोलल्यानंतर काय होते हे मी एकदा वाचून बसले होते.

‘श्टाइन्स गेट’ ही व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे खेळासारखी पडद्यावर वाचायची सचित्र कथा, जपानमध्ये २००९ साली आली. संगणकासाठीची तिची इंग्रजी आवृत्ती २०१४ सालची, आणि मी वाचली ती हीच. या प्रकाराला कादंबरी म्हणावे तर पात्रे आवाज काढून बोलतात, नाटक म्हणावे तर ती जागची हलत नाहीत. पडद्यावर एक स्थिर चित्र असते, खाली दोन-तीन ओळींचा मजकूर येतो, आणि आपण माउसची कळ दाबेपर्यंत पुढची ओळ येत नाही. ओकाबे रिन्तारो हा स्वतःला वेडा शास्त्रज्ञ म्हणवून घेणारा विद्यार्थी आणि त्याचे मित्र मायक्रोवेव्हला मोबाइल जोडून असे एक यंत्र अपघाताने बनवतात, की त्यातून पाठवलेला निरोप भूतकाळात जाऊन पोहोचतो. निरोपाला मर्यादा ३६ बाइट्सची, म्हणजे जपानी लिपीत अवघ्या १८ अक्षरांची. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीची १६० अक्षरे मावत असताना देवनागरीची ७०च मावत, म्हणून आईला ‘ghari pohochle’ असे न लिहिता मनातल्या मनात अक्षरे मोजत बसण्याचा हट्ट मी एके काळी केलेला असल्यामुळे, त्या १८ अक्षरांतली घुसमट मला कोणी समजावून सांगावी लागली नाही.

या कथेवरची चोवीस भागांची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, मालिका व्हाइट फॉक्स या स्टुडिओने केली आणि ती २०११ साली दाखवली गेली. म्हणजे मी मूळ कृती वाचली तेव्हाच ती उपलब्ध होती. तरी मी ती बरीच वर्षे टाळली. आवडत्या कादंबरीवरचा चित्रपट पाहायला जाताना मनात जी एक मोजपट्टी आपोआप तयार होते, तिची मला धास्ती होती. शेवटी धाकट्या भावाने एका सुट्टीत मालिका लावली आणि मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. पहिल्याच भागात ओकाबे पांढरा कोट घालून गर्दीत उभा राहतो आणि फोन कानाला लावून कोणत्यातरी गुप्त संघटनेविषयी गंभीरपणे बोलू लागतो. कुरिसु नावाची तरुण शास्त्रज्ञ त्याच्या हातातून फोन हिसकावून घेते, तर फोन बंदच असतो.

“ताई, हा माणूस जरा चक्रम आहे का गं?” भावाने विचारले.

या प्रश्नाने मी चपापले, कारण जवळजवळ चाळीस तास त्या माणसाच्या डोक्यात राहूनही तो मला कधी पडला नव्हता. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये सारे काही ओकाबेच्या नजरेतून दिसते. समोर मायुरी असते, कुरिसु असते, दारू नावाचा मित्र असतो. ओकाबे मात्र एखाद-दुसऱ्या खास चित्रापुरता दिसतो आणि एरवी तो म्हणजे आपणच. पलीकडे कोणी नाही हे ठाऊक असताना तो फोनवर का बोलतो, त्यामागची भीती कोणती, हे त्याच्या स्वगतातून आतल्या बाजूने आधीच कळलेले असते, त्यामुळे तो विचित्र वाटतच नाही. ॲनिमेने एवढेच केले, की मला त्याच्या डोक्यातून बाहेर काढून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे केले. तिथून पाहताना दिसला तो उन्हाळ्याच्या फिकट, पांढुरक्या उजेडात बंद फोनशी बोलणारा एक एकटा, उंच, वाकलेला मुलगा. आवाज दोन्हीकडे एकाच अभिनेत्याचा, मियानो मामोरूचा, आणि शब्दही बहुतेक तेच. पण आवाजाला चेहरा मिळाला आणि माझी चाळीस तासांची ओळख नव्याने करून घ्यावी लागली.

बाकी हिशेब सरळ आहे. चोवीस भागांतून सुरुवातीची-शेवटची गाणी वगळली तर नऊ तासही धड उरत नाहीत, तेव्हा कापाकापी अटळच होती. पुष्कळशी बडबड गेली, भौतिकशास्त्रावरची लांबलचक प्रवचने आखडली, आणि त्यांतली निम्मी गेली ते बरेच झाले असे मी प्रामाणिकपणे म्हणेन.

जे गेल्याचे वाईट वाटले ते आहे फोन. मूळ कृतीत पर्यायांची यादी समोर येऊन ‘यातले एक निवडा’ असे कोणी म्हणत नाही. आपण ओकाबेचा मोबाइल स्वतः बाहेर काढायचा, आलेल्या ईमेलमधल्या निळ्या शब्दांपैकी एकाला उत्तर द्यायचे किंवा काहीच न करता फोन ठेवून द्यायचा. कुरिसुच्या काही साध्यासुध्या ईमेलना नेमकी उत्तरे दिली नाहीत तर खरा शेवट कधीच उघडत नाही. मी पहिल्या खेपेला थट्टेखोर उत्तरे दिली आणि चुकीच्या शेवटाशी जाऊन आदळले. त्याहून अवघड जागा फेरिस या मैत्रिणीची. तिच्या एका निरोपामुळे तिचे मेलेले वडील जिवंत राहिलेले असतात, आणि मायुरीला वाचवायच्या वाटेवर तो निरोप रद्द करणे भाग असते. रद्द करणारा निरोप पाठवायचा की नाही, हे वाचकाच्या बोटावर असते. ॲनिमेतही फेरिस रडते आणि तो प्रसंग उत्तम वठला आहे, परंतु तिथे निरोप पाठवला तो ओकाबेने. माझ्या लॅपटॉपवर तो मी पाठवला होता, आणि त्याआधी पाणी प्यायचे निमित्त करून दोनदा उठलेही होते.

कथेत ओकाबेला एक शाप आहे: भूतकाळ बदलला की सगळ्यांच्या आठवणी बदलतात, त्याच्या एकट्याच्या मात्र जुन्याच राहतात. सेव्ह केलेल्या जागी परत येऊन दुसरी वाट धरणाऱ्या वाचकाचीही नेमकी हीच गत असते. मायुरी हसत असते, तिला काहीच ठाऊक नसते, आणि आपल्याला मात्र ती मागच्या खेपेला कशी गेली ते आठवत असते. ॲनिमे पाहणाऱ्याला ही जाणीव ओकाबेच्या चेहऱ्यावरून वाचावी लागते, आणि इथे चित्रकारांनी माझी मोजपट्टी मोडून टाकली. तो पुन्हा पुन्हा मागे जातो, मायुरी पुन्हा पुन्हा मरते, आणि दर खेपेला त्याचा चेहरा थोडा थोडा रिकामा होत जातो. हे रिकामे होणे मला वाचताना दिसलेच नव्हते. स्वतःचा चेहरा कुठे दिसतो?

ती १३ ऑगस्टची संध्याकाळ बाराव्या भागात, मालिकेच्या बरोबर मध्यावर येते. बातमी लागली तेव्हा माझा उजवा हात सोफ्यावर आपोआप आवळला गेला. वाचताना मी तिथे खूप वेळ थांबले होते; मी कळ दाबली नाही तोवर काही होणार नव्हते. इथे कोणी माझी परवानगी घेतली नाही. मायुरी आपल्या खिशातल्या घड्याळाकडे पाहून म्हणाली, की ते थांबले आहे, कालच तर किल्ली दिली होती. मग दार उघडले. भाऊ एरवी बडबड्या. तो भाग संपेपर्यंत गप्प होता.

२०१८ साली याच ॲनिमेची दृश्ये घेऊन पुन्हा एक व्हिज्युअल नॉव्हेल निघाली, म्हणजे जी चित्रे एकदा सुटून पळाली होती ती परत कळीला बांधली गेली. ती मी अजून घेतलेली नाही.

मालिका संपली त्या रात्री मी भावाला माझी जुनी सेव्ह उघडून दाखवली. तीच खोली, तीच बातमी, ओळीच्या शेवटी लुकलुकणारी खूण. पुढची ओळ घड्याळाची आहे हे आता त्यालाही माहीत होते. त्याने माउस आपल्याकडे ओढला, बोट कळीवर ठेवले आणि मग विचारले, “इथून मागे जाता येतं?”

येते. माउसचे चाक वर फिरवले की होऊन गेलेली वाक्ये एकेक करून परत येतात. मायुरीचे एक वाक्य आले, मग दारूची एक कोटी, मग कुरिसुचे वैतागणे. तो चाक फिरवत राहिला.