लाल झूल, हिरवं गवत आणि एकच करडा

"माह्या बैलाची झूल लाल होती नं बावा. हे काय, राखुंडी फासली?"

२०१९ च्या पोळ्यानंतर चार दिवसांनी शेजारच्या काकांनी प्रिंट हातात धरून विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं आणि पासपोर्ट फोटोंवर घर चालतं, पोळा मात्र मी माझ्या हौशीसाठी काढतो. त्या वर्षी ठरवलं होतं की अख्खा पोळा काळा-पांढरा काढायचा, तोही थेट कॅमेऱ्यातच. कम्प्युटरवर बसून रंग उडवायचे नाहीत.

कॅमेरा कॅननचा फाइव्ह-डी मार्क थ्री, लग्नाचा. पिक्चर स्टाइलच्या मेनूत मोनोक्रोम, म्हणजे काळं-पांढरं लावलं, कॉन्ट्रास्ट दोन घर वाढवला आणि तोरणाखाली जाऊन उभा राहिलो. कार्डात जागा कमी होती. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, एकेक सत्तावीस एमबीच्या आसपास, म्हणून फक्त जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याने तयार केलेला लहान फोटो ठेवला. ही पहिली चूक. दुसरी चूक लक्षात यायलाही वेळ लागला. आरसेवाल्या कॅमेऱ्याच्या काचेतून मला सगळं रंगीतच दिसत होतं. लाल झूल, हिंगूळ लावलेली शिंगं, मागे पावसाने माजलेलं गवत. डोळ्याने लाल पाहून मी खूश होत होतो आणि कॅमेरा करडा लिहीत होता. मागच्या स्क्रीनवर उजेडात काही कळत नव्हतं, आणि झडत्या (पोळ्यात म्हणायची गाणी) सुरू झाल्यावर स्क्रीन पाहतो कोण?

घरी येऊन पाहिलं तर झूल आणि गवत एकाच करड्यात मिसळलेले. बैल कुठे संपतो नि शेताचा धुरा (बांध) कुठे सुरू होतो ते कळेना.

खरं दुखणं पुढे आलं. काकांनी ती जोडी दिवाळीच्या आधी विकली. नंतर एकदा सहज म्हणाले, "तिचा रंगीत फोटू असन तर दे." नव्हता. जेपेगमध्ये रंग एकदा गेला की गेला, परत आणायची सोय नाही. रॉ ठेवलं असतं तर रंग आत शाबूत राहिला असता. काळेपणा ही तिथे नुसती सूचना असते. (याची उलट गंमत पुढे अनुभवली. रॉ फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की क्षणभर काळी-पांढरी दिसते आणि लगेच रंगीत होते. पहिल्यांदा मी घाबरलोच, वाटलं सेटिंग उडालं.)

मग शोधायला बसलो की लाल आणि हिरवा एक का झाला. सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड पकडणारी चिप, मुळात रंग ओळखत नाही, फक्त उजेड मोजतो. त्याच्यावर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरची बारीक जाळी असते. चार घरांत दोन हिरवी, एक लाल, एक निळं. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या या मांडणीचं पेटंट १९७६ चं. तिन्ही रंगांची बेरीज करून करडा काढताना प्रत्येकाला सारखं वजन मिळत नाही. टीव्हीच्या जुन्या सूत्रात हिरव्याला ५९ टक्के, लालला ३० आणि निळ्याला ११ टक्के आहे. माझ्या झुलीचा लाल २००-४०-३० (लाल-हिरवा-निळा, प्रत्येक ० ते २५५ मध्ये) धरला आणि गवत ६०-११०-४० धरलं, तर दोन्हीकडे उत्तर ८७ येतं. कागदावर हा हिशेब केला तेव्हा काकांची राखुंडी समजली. कॅमेऱ्याने काही बिघडवलं नव्हतं. कोणत्या रंगाला किती वजन द्यायचं हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

ते सांगायची जागा मेनूतच होती, मी कधी उघडली नव्हती. मोनोक्रोमच्या आत फिल्टर इफेक्ट: पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा. एका दुपारी परातीत लाल मिरच्या, कोथिंबीर, हळद आणि कपड्याची नीळ मांडली आणि खिडकीशी एकेक फिल्टर लावून पाहिला. बायको म्हणाली, "भाजी करायची हाय का फोटू?" फिल्टर नसताना मिरची आणि कोथिंबीर जुळ्या बहिणी. लाल लावला तर मिरची जवळजवळ पांढरी, हळद पांढरी, कोथिंबीर गडद आणि नीळ डांबरासारखी. हिरवा लावला की मिरची काळी, कोथिंबीर उजळ. पिवळ्यात सगळं बेताचं. फिल्टर आपल्या रंगाला उजळ करतो आणि विरुद्ध रंगाला दाबतो, एवढीच त्याची कळ. काचेचा गडद लाल फिल्टर लेन्सला लावला तर तीन स्टॉप उजेड जातो, म्हणजे तो तीनदा निम्मा होतो. मेनूतल्या फिल्टरने उजेड जात नाही, कारण तो नुसती वजनं बदलतो. पण लाल फिल्टरने निळा भाग जास्त दाबला की तिथला दाणा (ठिपक्यांची खरखर) वर येतो, हे नीळ दाखवून गेली.

पुढची दोन वर्षं करोनात गेली. तेवढ्यात नागपूरहून एक जुना फुजीफिल्म एक्स-टी-टू घेतला. २०१६ चं मॉडेल, चोवीस मेगापिक्सेल. घेण्याचं मुख्य कारण काचेच्या जागी असलेला इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर. डोळा लावला की जग काळं-पांढरं. फिल्टर बदलला की तिथेच झूल उजळते, गवत बसतं. यात अ‍ॅक्रॉस नावाचं फिल्म सिम्युलेशन, म्हणजे जुन्या काळ्या-पांढऱ्या फिल्मची नक्कल करणारं सेटिंग आहे, पिवळ्या, लाल आणि हिरव्या फिल्टरसकट. ज्या फिल्मवरून हे नाव आलं ती २०१८ मध्ये बंद झाली आणि २०१९ मध्ये दुसऱ्या अवतारात परत आली.

२०२२ चा पोळा. या वेळी रॉ आणि जेपेग दोन्ही, दोन कार्डांत. अ‍ॅक्रॉसवर लाल फिल्टर लावून सुरुवात केली. आकाश काळं पडेल, ढग उठून दिसतील असं स्वप्न होतं. पण श्रावण अमावास्येला आमच्याकडे निळं आकाश असतं कुठे? ढगांची गोधडी होती. लाल फिल्टर निळ्याला दाबतो, राखी ढगाला दाबायला त्याच्याकडे काही नसतं.

झूल मात्र सुटली. गवतापासून वेगळी, उजळ, काठ स्पष्ट. पण हिंगूळ लावलेली शिंगं पांढरीफटक झाली, बेगड कुठली आणि शिंग कुठलं कळेना. काकांचा उन्हात रापलेला चेहरा तर पावडर लावल्यासारखा गुळगुळीत. हिरव्यावर गेलो तेव्हा चेहऱ्याच्या सुरकुत्या परत आल्या, झूल पुन्हा काळवंडली. बैल आणि माणूस एका चौकटीत असले की दोघांनाही न्याय देणारा फिल्टर नाही. शेवटी पिवळ्यावर तडजोड केली. रात्री रॉ फाइल कॅमेऱ्यातच उघडून क्यू बटण दाबलं आणि एकट्या बैलांचे फोटो लालने, चेहऱ्यांचे हिरव्याने पुन्हा काढले. त्याच फाइलीतून हवे तितके जेपेग निघतात, कम्प्युटर लागत नाही.

आमच्याकडचे गवळाऊ बैल पांढरे. मागे काळी माती, पुढे पांढरी पाठ. कॅमेरा मातीकडे पाहून उजेड वाढवतो आणि बैलाच्या पाठीवरचे केस चुन्यासारखे जळतात. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली आणि हायलाइट टोन (उजळ भागांचं सेटिंग) एक घर कमी केल्यावर केस परत दिसले. ग्रेन इफेक्ट (फिल्मसारखा दाणा घालणारं सेटिंग) मात्र मी उगाच स्ट्राँग ठेवला. स्क्रीनवर झकास दिसतो, पण लहान प्रिंटमध्ये बैलाला खरूज झाल्यासारखा. आता बंदच ठेवतो.

एक अडचण मात्र कोणत्याच मेनूत नव्हती. ओट्यावर बसलेल्या एका आजीचा फोटो काढला आणि हौशीने स्क्रीन दाखवली. आजी एकदम मागे सरकल्या. "काऊन रे पोट्ट्या, मले आत्ताच हार घालतं का? बिनरंगाचा फोटू मेलेल्या माणसाचा राहाते." मी निमूटपणे रंगीत लावला. लाल लुगडं, हिरव्या बांगड्या. त्या हसल्या आणि फोटो खरोखरच जास्त चांगला आला, हे कबूल करावं लागेल.

प्रिंटचं थोडक्यात. पहिली खेप लॅबमधून हिरवट झाक घेऊन आली. रंगीत कागदावर शुद्ध करडा उतरवायचा तर तिन्ही रंगांचा तोल केसभरही ढळून चालत नाही. दुसऱ्या वेळी आधी करड्या पट्ट्यांचा एक नमुना छापून घेतला, झाक तपासायला लावली, मग बाकीचे दिले. पैसे दुप्पट गेले.

काकांना या वेळी दोन प्रिंट दिल्या. नव्या जोडीची एक रंगीत, एक काळी-पांढरी. रंगीत घरात लागली, देवघराच्या बाजूला. काळी-पांढरी कुठे आहे म्हणून विचारलं तर मला गोठ्यात घेऊन गेले. कुटाराच्या पोत्यांच्या वर, खिळ्याला टांगलेली.

"इथं काऊन?"

"बैलाले तसाई रंग दिसत नाई म्हणते."

हे पूर्ण खरं नाही. बैलाच्या डोळ्यात दोन तऱ्हेच्या रंगपेशी असतात. निळं-पिवळं त्याला कळतं, लाल-हिरव्यात गफलत होते. म्हणजे झूल आणि गवताच्या बाबतीत त्याचं आणि २०१९ मधल्या माझ्या कॅमेऱ्याचं एकच. पण काका तोवर कुटाराचं टोपलं उचलून गव्हाणीकडे निघाले होते.