खिरापतीचा डबा

आईला अल्झायमर असल्याचं कळलं तेव्हा ती 71 वर्षांची होती. अगदी सुरुवातीची अवस्था. डॉक्टर गोळ्या लिहून देत म्हणाले, "यांना माणसांत ठेवा." म्हणजे नेमकं काय करायचं, हे कळायला मला वर्ष लागलं.

आधी तिला एका गटात नेलं. तिथे गोल बसवून विचारायचे, आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं, नातवाचं नाव काय. माझी आई शाळेत शिक्षिका होती. उत्तर आलं नाही की पदर बोटाला गुंडाळत बसायची. तिसऱ्या खेपेला रिक्षात चढेचना. "मला नापास करतात गं तिथे," म्हणाली.

त्या रात्री मी वाचायला बसले. कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी नावाची, म्हणजे गप्पा-खेळांतून बुद्धीला चालना देणारी पद्धत सापडली. इंग्लंडात तयार झालेली, चेन्नईत तमिळ लोकांसाठी बदलून घेतलेली. लहान गट, आठवड्यातून दोनदा, पाऊण तास, सात आठवड्यांत 14 बैठका. त्यातलं एक तत्त्व मी वहीत लिहून घेतलं: आठवण विचारू नका, मत विचारा. लग्न कोणत्या साली झालं, असं नाही विचारायचं. तेव्हाची लग्नं बरी की आताची, हे विचारायचं. मत कधी चुकत नाही.

मग आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी तसाच गट सुरू केला. आईसारखेच विसरायला लागलेले पाच जण जमले. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी 11 वाजता; संध्याकाळी आईची घालमेल वाढते म्हणून.

पहिली चूक माझीच झाली. हाताला काम हवं म्हणून मी तूरडाळ आणि तांदूळ एकत्र करून निवडायला दिले. आईने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मुद्दाम मिसळलंस ना?" मला तोंड वर करवेना. त्यानंतर खोटं काम दिलं नाही. वाती वळल्या तर त्या देवळात जातात, मेथी निवडली तर त्याच दिवशी कोणाच्या तरी घरी शिजते. नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग या आजारात लवकर दुखावतो. हातांची सवय मात्र पुष्कळ काळ टिकते. आईच्या वाती माझ्यापेक्षा आजही सरस होतात.

एसटीत ड्रायव्हर असलेले एक काका वातींना हात लावत नसत. एकदा मी विचारलं, "काका, पुण्याहून साताऱ्याला जाताना चहाला कुठे थांबावं?" काका सुरू झाले: खेड शिवापूर, शिरवळ, खंबाटकीचा घाट, सुरूर, भुईंज... हात स्टीअरिंग फिरवत होते. त्यांच्या बायकोने डोळे पुसले. घरी ते दिवस दिवस बोलत नसत.

नवरात्रात भोंडला केला. पाटावर हत्ती आईने काढला, खडूने, एका रेषेत. गाणी एकीने उचलली की बाकीच्यांच्या तोंडी आपोआप यायची. पण खरी रंगत खिरापतीची. हा खेळ या माणसांसाठीच केलाय, असं मला त्या दिवशी वाटलं, कारण यात सगळेच चुकतात आणि चुकण्यातच मजा असते. गोड की तिखट? ओली की कोरडी? आईने डबा कानाशी धरून हलवला आणि ठासून सांगितलं, "वाटली डाळ!" निघाला चिवडा. सगळे हसले, आई सर्वांत जास्त.

घरी येईपर्यंत तिला भोंडला आठवत नव्हता. रात्री ओट्याशी उभी राहून म्हणाली, "उद्या वाटली डाळ करू या? हरभऱ्याची डाळ भिजत घाल."

मी घातली.