काळी दोनमधली एसटी : आमच्या स्टुडिओची वाटचाल

आमचे वडील, आप्पा, हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करायचे. कोल्हापूरच्या शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अलीकडं, दहा बाय बाराचा गाळा होता आमचा. भजनी मंडळांच्या, शाळांच्या, देवळांतल्या पेट्या यायच्या. कुणाचा भाता फाटलेला, कुणाचं रीड तुटलेलं, एखादीत उंदरानं घर केलेलं. रीड सुरात आणायचं काम आप्पा पहाटे, रस्ता जागा व्हायच्या आत करायचे. पितळेची ती बारीक पट्टी टोकाकडं घासली की सूर चढतो, मुळाकडं घासली की उतरतो. कानशीचे दोन हात, मग भाता दाबून ऐकणं, परत दोन हात. मी आणि माझी धाकटी बहीण शाळेला जायच्या आधी हे बघत बसायचो. आज आम्ही दोघं चित्रपट, मालिका आणि लघुपटांना संगीत करून देतो. त्या कामाची पहिली शिकवणी त्या गाळ्यातच झाली.

कोल्हापुरात बसून सिनेमाचं संगीत करता, मुंबईला का गेला नाही, असं अजूनही विचारतात. आप्पा असते तर त्यांनी या प्रश्नाला गोविंदराव टेंब्यांचं नाव घेऊन उत्तर दिलं असतं. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये याच गावात निघाली. पुण्याला गेली ती नंतर, १९३३ मध्ये. त्याआधी १९३२ साली तिनं ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला, त्याचं संगीत टेंब्यांचं आणि हरिश्चंद्राचं कामही त्यांचंच. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नटानं कॅमेऱ्यासमोर खरोखर गायचं, वादकांनी चौकटीच्या बाहेर दिसणार नाही असं बसायचं आणि सगळं एका दमात टिपायचं. एकाचा सूर हलला की सगळ्यांनी पहिल्यापासून. टेंबे मुळात पेटीवाले, म्हणून आप्पांना त्यांचा फार अभिमान. पुढं भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना लतादीदींनी ‘आनंदघन’ या नावानं चाली दिल्या, हेही ते तितक्याच प्रेमानं सांगायचे. या गोष्टी ऐकत वाढलेल्या पोरांना गाव सोडावंसं वाटलं नाही.

सुरुवात साधी होती. बहिणीनं पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि गाळ्याच्या मागच्या अर्ध्या भागात एक जुना कॉम्प्युटर, एक साउंड कार्ड आणि एक माईक मांडला. भिंतींना गाद्या लावल्या. पुढं पेटीदुरुस्ती, मागं रेकॉर्डिंग. भजनं, वासुदेवाची गाणी, तालमीच्या मंडळांच्या गणपतीच्या आरत्या, निवडणुकीत प्रचाराची गाणी. चार वर्षं तेच केलं. त्या कामानं वादकांची ओळख झाली आणि कुणाचा हात कुठं बसतो ते कळलं. बाकी त्या चार वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

मग कॉलेजच्या काही पोरांनी एक लघुपट आणला. साडेचार हजार रुपये ठरले. त्यातला एक प्रसंग आमच्या सगळ्या कामाचं मूळ आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुलगी नोकरीला निघालीय, बाप तिला एसटी स्टँडवर सोडायला आलाय. दोघं काहीच बोलत नाहीत. एसटी सुरू होते, वळणावरून दिसेनाशी होते, बाप उभा. दोन मिनिटांच्या आतलं दृश्य. दिग्दर्शकानं त्याखाली एका परदेशी चित्रपटाचं संगीत तात्पुरतं लावून आणलं होतं, त्यात व्हायोलिनच व्हायोलिन. आम्हीही तसंच केलं. कीबोर्डवर व्हायोलिनचा भरघोस थर, वर बासरी. तीन रात्री खपून केलं. पोरं ऐकून गप्प बसली. कोपऱ्यात आमचे ढोलकीवाले मामा चहा घेत होते. ते म्हणाले, “बाप काय बोलंना, पोरगी काय बोलंना, आन् तुम्ही कशाला एवढं बोलाय लागलाय?”

त्या रात्री बहिणीनं संगीत सगळं बंद केलं आणि नुसता स्टँडवरचा आवाज लावला. दहा-बारा वेळा ऐकल्यावर ती म्हणाली, “दादा, एसटी सुरात उभी आहे.” आप्पांची पेटी पुढं ओढली आणि शोधलं. उभ्या गाडीच्या इंजिनाची घरघर काळी दोनच्या, म्हणजे पेटीवरच्या दुसऱ्या काळ्या पट्टीच्या, खर्जाला जवळजवळ लागत होती. मग काळी दोनचा एकच सूर पेटीवर धरला, इतका बारीक की इंजिनाच्या खाली तो ऐकूच येऊ नये. कंडक्टरची डबल बेल वाजते, गाडी हलते, घरघर लांब जाते आणि पेटीचा सूर तेवढा मागं राहतो, बापाजवळ. भात्याचा श्वासही आम्ही मुद्दाम राहू दिला. बस्स. दुसरं वाद्य नाही. दिग्दर्शक पोरानं ते बघितलं आणि उठून बाहेर गेला. आत आल्यावर म्हणाला, “माझ्या आप्पांना दाखवायचंय.”

त्या दिवसापासून कामाची पद्धत ठरून गेली. दृश्य हातात आलं की पहिल्या दिवशी वाद्य उघडायचं नाही. आधी आवाज बंद करून बघायचं, मग चित्र बंद करून ऐकायचं. पंखा, जातं, पंपाची मोटर, पाऊस, माणसाची चाल. यातल्या कशाला ना कशाला सूर असतो किंवा लय असते. ती सापडली की संगीत दृश्याच्या आतून निघाल्यासारखं वाटतं. दिग्दर्शकालाही आम्ही ‘इथं बासरी पाहिजे का सनई’ असं विचारत नाही. इथं बघणाऱ्याला काय कळलेलं नाही, आणि ते त्याला आत्ता कळावं असं वाटतं का, एवढंच विचारतो. बहुतेक वेळा उत्तर देताना त्यालाच जाणवतं की अर्ध्या जागी संगीत नकोच आहे.

यानंतर हिशोब येतो. तो कोरडा वाटेल, पण मला त्याची गोडी आहे. सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम. लय मिनिटाला ७२ मात्रांची धरली तर दर २० फ्रेमला एक मात्रा पडते. ८० ला १८ फ्रेम, ९६ ला १५. समजा एक ठळक क्षण, दार उघडणं, आणि दुसरा, तिनं मान वळवणं, यांच्यात २५ सेकंद आहेत. ७२ च्या लयीत त्या २५ सेकंदांत बरोबर ३० मात्रा बसतात, म्हणजे सहा मात्रांच्या दादऱ्याची ५ आवर्तनं. दार उघडलं तिथं समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू केलं तर मान वळताना आपोआप सम येते. प्रेक्षकाला यातलं काही कळत नाही. त्याला फक्त वाटतं की ती वळली तेव्हा काहीतरी झालं. आकडे नेहमी इतके सरळ येत नाहीत, मग लय ७१ करा, ७३ करा, नाहीतर एक मात्रा गिळा. मामांना फ्रेमशी देणंघेणं नाही. ते पडद्याकडं बघत बोटांवर मोजतात आणि बहिणीच्या कॉम्प्युटरमधल्या आकड्याच्या इतक्या जवळ येतात की आम्ही बघत राहतो.

हाच हिशोब एकदा अंगावर आला. एका चित्रपटाचं संकलन झालेली फाइल आमच्याकडं टीव्हीच्या २५ फ्रेमच्या वेगानं आली आणि आम्ही न तपासता काम सुरू केलं. २४ नं चालणारं एक मिनिटाचं दृश्य २५ नं पळवलं तर ५७.६ सेकंदांत संपतं. मिनिटाला २.४ सेकंदांचा फरक. शेवटच्या मिश्रणाला संगीत लावलं तर आईच्या रडण्याचं संगीत ती रडायच्या आधीच सुरू झालेलं. पंधरा दिवसांचं काम पुन्हा केलं, आमच्या खर्चानं. आता चित्र आलं की बहीण आधी वेग बघते, चित्रावर टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेळ, छापून घेते आणि संकलन कायम झाल्याचं दिग्दर्शकाकडून लेखी घेते. त्यानंतर मी पेटी काढतो.

गाण्यांची तऱ्हा वेगळी. पार्श्वसंगीतात चित्र आधी असतं, गाण्यात पुष्कळदा काहीच नसतं. प्रसंग सांगितला जातो, वही कोरी. शब्द आधी की चाल आधी यावर या धंद्यात कायम वाद होतो. माझं मत सांगतो: गावाकडच्या माणसाचं गाणं असेल तर शब्द आधी हवेत. बोलण्याचा हेल शब्दात असतो आणि चाल त्या हेलातून काढावी लागते. आमच्याकडं ‘कुठं’ म्हणताना आवाज जिथं चढतो तिथं सूर खाली नेला की गाणं परक्याचं होऊन जातं. उडत्या चालीचं, नाचाचं गाणं असेल तर चाल आधी चालते. मी ल ल ला करून किंवा काहीतरी डमी शब्द घालून चाल पाठवतो आणि गीतकार मीटरवर लिहून देतात. मुखडा पहिल्या फटक्यात येतो, अंतरा छळतो. अंतरा वर चढवणं सोपं आहे, तिथून मुखड्यावर परत येण्याची जागा शोधण्यात माझे आठ-आठ दिवस गेलेत.

आप्पांचा एक नियम होता, चाल पेटीवर बांधायची नाही. बोटांना सवयीच्या वाटा असतात, ती तिकडंच जातात. म्हणून मी रंकाळ्याला फेरी मारताना गुणगुणतो. ते आणखी एक म्हणायचे, की सकाळी आठवली नाही ती चाल सोडून द्यावी. हे मात्र मी पाळत नाही. बऱ्या चाली मी अशा हरवल्यात. आता सुचलं की गाडी बाजूला घेऊन मोबाइलमध्ये भरून ठेवतो. तावडे हॉटेलजवळ ट्रकच्या हॉर्नसकट भरलेल्या एका मुखड्याचं पुढं गाणं झालं.

ऑगस्ट २०१९ चा पूर कोल्हापुरात कुणी विसरणार नाही. पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत आलं तेव्हा आम्ही हार्डडिस्क आणि माईक डोक्यावर घेऊन बाहेर पडलो. पुणे-बंगळूर हायवे कित्येक दिवस बंद होता, दूधसुद्धा शहरात येत नव्हतं. पाणी उतरल्यावर गाळा उघडला. दुरुस्तीला आलेल्या एकोणीस पेट्या चिखलात होत्या. लाकूड फुगलं होतं, भाते सुटले होते. त्या लोकांच्या पेट्या होत्या. आप्पा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांनी एकेक रीड सोडवून गोड्या पाण्यानं धुतलं, कपड्यानं पुसलं, वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलं. सात महिने लागले. एकोणीसपैकी चौदा पेट्या पुन्हा वाजल्या. एकाही मंडळाकडून पैसे घेतले नाहीत. शेवटची पेटी गेली आणि महिन्याभरात लॉकडाऊन लागला. आप्पा त्याच वर्षी गेले.

आम्ही गाळा सोडला आणि मंगळवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर आलो.

नव्या जागेतलं पहिलं मोठं काम कुस्तीवरच्या चित्रपटाचं. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान ज्या गावात आहे त्या गावात हलगी कॉम्प्युटरमधून वाजवायची नाही, हे आम्ही निर्मात्याला पहिल्याच बैठकीत सांगितलं. तयार आवाज स्वस्त पडतो. पण मैदानात हलगीवाला पैलवानांकडं बघून वाजवतो. दोघं लांबून एकमेकांना जोखत असले की सावकाश, हात भिडले की दाट. तो डोळा तयार आवाजात कुठून आणणार? म्हणून वादकांना दृश्य दाखवून त्यावर वाजवायला लावायचं ठरवलं. खोलीत हलगीचा आवाज कानात टोचतो, तेव्हा पन्हाळ्याच्या वाटेवर एका ओळखीच्यांच्या मळ्यात गेलो. एक माईक हलगीजवळ, तिथं काडीचा कडक आवाज मिळतो. दुसरा पंधरा फुटांवर, तिथं हलगीबरोबर मोकळं रानही ऐकू येतं. पावसाळी हवा होती. विस्तवावर शेकून चढवलेलं कातडं पाच-सात मिनिटांत उतरायचं. एका टेकचा सूर दुसऱ्याला जुळेना. शेवटी तीन-तीन मिनिटांचे तुकडे घेतले, मध्ये प्रत्येक वेळी पाचट पेटवून हलगी शेकली. पहाटे साडेपाचला सुरू केलं ते अकराला संपलं. चित्रपटात त्यातली सव्वाचार मिनिटं आहेत. डाव बसण्याच्या नेमक्या क्षणी हलगी थांबते आणि नुसता श्वास ऐकू येतो. तो श्वास खरा आहे, शूटिंगच्या दिवशीचा, पैलवानाच्या अंगाला लावलेल्या माईकमधला.

व्यवहाराचंही सांगतो, कारण नव्यानं या कामात येणाऱ्या पोरांना कुणी सांगत नाही. बाहेरगावच्या एका निर्मात्यानं आमची दोन गाणी घेतली, अर्धे पैसे दिले, गाणी प्रसिद्ध केली आणि फोन उचलायचं बंद केलं. गायिकेचं आणि वादकांचं मानधन आम्ही घरातून दिलं. तेव्हापासून शेवटचा हप्ता येईपर्यंत पूर्ण प्रतीची फाइल बाहेर जात नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेर गाणं वाजतं त्याच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा आणि गीतकाराचा वाटा त्यांना सोडून देता येत नाही. तो कायदेशीर वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. करारात कुणी ‘सगळे हक्क कायमचे’ लिहून आणलं तरी हा वाटा तुमचाच. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची कॉपीराइट सोसायटी, तिचं सभासद व्हा. प्रत्येक कामाची क्यू शीट स्वतः भरा: कोणता तुकडा, किती सेकंद, कुणी केला. हे काम बहीण करते, आणि तिनं ते सुरू केल्यापासून पावसाळ्यातले रिकामे महिनेही निभावतात.

आता आम्ही पाच जण आहोत. मामांचं वय झालंय, ढोलकी त्यांचा नातू वाजवतो, पण पडद्यासमोरची पहिली खुर्ची मामांचीच. तंबोरे मिरजेहून येतात. आप्पांची कानस मिक्सरच्या शेजारी असते आणि लागते तेव्हा वापरतोही.

सध्या एक चित्रपट हातात आहे, त्यात गुऱ्हाळावरचा रात्रीचा प्रसंग आहे. दोन भाऊ वाटणीवरून भांडून गप्प झालेत आणि मध्ये उसाच्या रसाची काहील उकळतीय. गेल्या आठवड्यात करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर जाऊन आवाज भरून आणला. रस पातळ असताना बुडबुडे भराभर फुटतात. पाक आटत जाईल तसे ते जड होतात, एकेक करून फुटतात, आणि गुळव्या कानानंच ओळखतो की आता उतरवायची. ती लय उतरत उतरत कुठं जाते ते बहीण मोजतीय. सूर मात्र अजून हाताला लागलेला नाही. शनिवारी मामांना घेऊन परत जाणार आहोत.